डाव्या कुशीवर

१

चिंगीला लोक दारातून कधी परत पाठवत नसत. आत घेत, खुर्ची पुसून देत, पाणी आणून ठेवत आणि मग काहीच सांगत नसत. "आमचं काय, बरं चाललंय." "तुम्ही शेजारी विचारा, त्यांचं फार आहे हो." शेजारी गेलं की त्यांचंही बरंच चाललेलं असायचं. सगळ्यांचं असं बरं चाललेलं असताना हिचा प्रबंध तेवढा अडून बसला होता.

चिंगी हे तिचं घरातलं नाव. वय तिशीच्या पुढे, उंची अशी की जुन्या दारांतून वाकून जावं लागे, नाकावर चष्मा, खांद्याला जाड कापडाची पिशवी. तरी आई गॅलरीत येऊन सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारायचीच, "चिंगे, डबा विसरलीस!" विद्यापीठात ती जो विषय घेऊन बसली होती तो साधा होता. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं, की त्याचं करणाऱ्याचं काय होतं? आजाऱ्याला विचारायला डॉक्टर होते. जो त्याला उठवतो, बसवतो, पुसतो, भरवतो, त्याला कोणी विचारत नव्हतं. ते चिंगी घरोघर जाऊन विचारणार होती.

तिच्या मार्गदर्शकांना विभागात सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाईंनी तिने आणलेली कोरडी उत्तरं वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू काय जनगणनेला गेली होतीस का गं?"

"ते बोलतच नाहीत, बाई."

"का बोलतील? त्यांनी जखम उघडून दाखवायची आणि तू गळ्यापर्यंत बटणं लावून बसायचं, असं नाही जमत. आपलंही सांगावं लागतं. थोडं सांग, खरं सांग, आणि पेलवेल एवढंच सांग."

यातलं थोडं काय आणि पेलवणारं काय याचा विचार चिंगीने जाताना रस्ताभर केला. मधल्या शब्दाचा करायचा राहून गेला.

त्या दिवशी शिंपीकाकांकडे जायचं होतं. त्यांचं दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. मध्ये एक पडदा, पडद्यामागे त्यांची बायको. जिन्यावरून पडल्यापासून ती पडूनच होती. शिंपीकाका मशीन चालवत उत्तरं देत होते आणि प्रश्न अवघड आला की त्यांचा पाय जोरात चालायचा, म्हणजे ऐकूच गेलं नाही असं म्हणायची सोय. शेवटी चिंगीने रेकॉर्डर बंद केला.

"माझ्याही घरी असंच आहे, काका."

मशीन थांबलं.

"कोण आहे?"

ती 'आजी' म्हणणार होती. शब्द ओठापर्यंत आला होता. पण पुढचा प्रश्न काय येणार हे तिला माहीत होतं, कारण तो तिने स्वतःच लिहून आणला होता: आणि करतं कोण?

"धाकटी बहीण," ती म्हणाली. "जन्मापासून."

"अरेरे. आणि करतं कोण?"

"आई आणि मी. आई कमरेकडून धरते, मी खांद्याकडून."

शिंपीकाकांनी कात्री बाजूला ठेवली. एका जाणत्याने दुसऱ्या जाणत्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कोणत्या कुशीवर असते?"

त्या बहिणीला जन्मून अजून मिनिटही झालं नव्हतं. ती दिसते कशी, हेच चिंगीला ठाऊक नव्हतं. म्हणून तिने तिला सरळ भिंतीकडे वळवून टाकलं. "डाव्या. भिंतीकडे तोंड करून. तिला तसंच आवडतं."

मग शिंपीकाका बोलायला लागले ते पार दिवेलागणीपर्यंत. बायकोला भरवून झालं की स्वतःचं ताट घेऊन ते दुकानात येतात आणि चिंध्यांच्या ढिगाशेजारी बसून जेवतात. तिच्यासमोर घास उतरत नाही, आणि उतरत नाही याची लाज वाटते. हे सांगताना त्यांनी कुणाच्या तरी पँटच्या कापडाला डोळे पुसले आणि मग ते कापड उलटसुलट करून डाग पडला का ते पाहिलं.

२

चिंगीला बहीण नव्हती. भाऊ नव्हता. ती एकुलती एक, आणि एकुलत्या एक मुलीचे जेवढे लाड व्हायचे तेवढे झालेली.

होती ती आजी. वडील लवकर गेले, आणि त्यांच्यामागे त्यांची आई मागच्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर चिंगीच्या शाळेपासून कॉलेज संपल्यानंतरही पडून होती. तिचं सगळं आईने केलं. त्या खोलीला पावडरीचा, स्पिरिटचा आणि अंगाखाली तापलेल्या कापडाचा मिळून एक वास होता. चिंगी तिच्या टेबलाशी बसलेली असायची आणि मागून हाक यायची, "चिंगे, जरा खांद्याकडून धरतेस का? मला एकटीला होत नाही गं." आणि चिंगी म्हणायची, "आई, परीक्षा आहे." कधी असायचीही. पण एवढ्या वर्षांत तिने आजीला एकदाही हात लावला नाही. किळस वाटायची, भीती वाटायची, आणि या दोन्हींपेक्षा, आपण गेलो नाही तरी आई करतेच हे तिला पक्कं कळून चुकलं होतं. ज्या मुलीने हे केलं तिनेच पुढे हा विषय निवडावा यात नवल काही नाही. ठेच लागते तिथेच पुन्हा पुन्हा लागते.

आजी गेल्यावर आईने कॉट देऊन टाकली. खोली धुतली, खिडकी उघडली आणि सांगितलं, "इथे आता काही ठेवायचं नाही. रिकामी राहू दे." आणि मग साठी उलटलेली ही बाई सार्वजनिक तलावावर जाऊन पोहायला शिकली. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी जाऊन, डोळे लाल करून घरी आली आणि जिन्यातूनच ओरडली, "चिंगे, तरंगले!" तेव्हापासून रोज सकाळी गॅलरीतल्या दोरीवर तिचा निळा कॉश्च्युम टपटपत असायचा आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा वर बघून तक्रार करायचे. आई कठड्यावरून वाकून म्हणायची, "पाऊस आहे म्हणा आणि छत्री घ्या!"

चिंगीला तो निळा कॉश्च्युम बघून रोज बरं वाटायचं. आपण जे दिलं नाही ते आईला कुठून तरी मिळतंय, असं वाटायचं.

इकडे थाप छान पचली होती. दुसऱ्या घरी ती नव्याने सांगताना तिला अडखळावंसुद्धा लागलं नाही. तिसऱ्या घरी बहिणीला गुणगुणायची सवय लागली. चौथ्या घरी तिला नखं कापलेली आवडेनाशी झाली. लोक ऐकत, मान हलवत आणि मग आपलं सगळं काढून समोर ठेवत. स्वतःचं सांगताना चिंगी रेकॉर्डर न चुकता बंद करायची. आपलं बोलणं कशाला हवं त्यात, असं ती मनाशी म्हणायची.

३

नर्सबाई राहायच्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या इमारतीत. आयुष्यभर इस्पितळात काम केलेलं, आता निवृत्त होऊन नवऱ्याचं करत होत्या. त्यांच्या खोलीत चादर अशी ताणून घातलेली असायची की नाणं टाकलं तर उडेल. चिंगी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा गेली तेव्हा त्या नवऱ्याची टाच हातात घेऊन तेल लावत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं,

"गाठी सोडवता का रोज?"

"कसल्या गाठी?"

"बहीण तुमची चादरीच्या कोपऱ्याला गाठी मारते ना. सोडवून टाकत जा. त्यात बोट अडकवून ठेवतात मग, आणि निळं पडतं."

चिंगी हसली. "हे मी सांगितलं तुम्हाला?"

"नाहीतर मला कुठून कळणार? तुमच्या घरी थोडीच येऊन गेलेय मी!"

तेही खरंच होतं. चिंगीने डोकं खाजवलं. सांगितलं असेल. एवढ्या घरांतून एवढं सांगितलं होतं, त्यात कुठे गाठी घातल्या असतील, कोण लक्षात ठेवतो. शिवाय पडून असलेली माणसं बोटांना चाळा म्हणून असं करतच असतील. नर्सबाईंनी इस्पितळात पाहिलेलंच हिच्या बहिणीला चिकटवलं असेल. दोन कारणं सापडली तेव्हा तिला बरं वाटलं. नंतर बसमध्ये बसल्यावर वाटलं की खरं कारण असतं तर एकच पुरलं असतं.

निघताना नर्सबाई तिच्याबरोबर जिन्यापर्यंत आल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "अजून इकडे तोंड करत नाही का ती?"

"नाही."

"मग आता वळवा. एकाच कुशीवर ठेवायचं नसतं, पाठ-कंबर सडते. तिला आवडणार नाही. तरी वळवा."

४

चिंगीने कुलूप नेहमीसारखं आपल्या किल्लीने उघडलं. दुपार कलली होती. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता.

"कोण, ताई का?" आईने आतून विचारलं.

चपला काढता काढता चिंगी थांबली. ज्यांच्याकडे ती जायची ते सगळे तिला ताईच म्हणायचे. परक्या बाईला दुसरं म्हणणार काय? पण घरात ताई होण्यासाठी मागे कोणीतरी धाकटं लागतं. ते ताई म्हणायला शिकावं म्हणून मग आईबापही म्हणू लागतात आणि थोरलीचं लाडाचं नाव मागे पडतं. चिंगीचं कधी मागे पडलं नव्हतं, कारण मागे कोणी नव्हतंच.

"अगं, मी कोणाची ताई?" ती हसत म्हणाली.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. हात ओले होते. चेहऱ्यावर हसू नव्हतं, राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि तो थकवा चिंगीच्या ओळखीचा होता. कितीतरी वर्षांनी दिसला, म्हणून ओळखायला जरा वेळ लागला एवढंच.

"चेष्टा पुरे. आणि हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय."

"कोणाचा?"

आई तिच्याकडे बघत राहिली. मग कपाळावरून मनगट फिरवलं. "माझा. पडले होते जरा. उठले तरी झोप गेली नाही बघ अजून."

झोपेत माणूस काहीही बरळतं. चिंगीने चहा टाकला, दोघींनी प्यायला. आईने तलावावरच्या मैत्रिणीची नक्कल केली आणि चिंगी पोट धरून हसली. सगळं जागच्या जागी होतं. फक्त कप धुवायला गेली तेव्हा ओट्यावर एक वाटी पालथी घातलेली होती, आणि चमच्याच्या कडेवर दातांच्या बारीक खुणा होत्या.

चमचा जुना होता. आजीचाही असेल.

५

त्यानंतर कॉश्च्युम वाळला. तो दोरीवर होता, पण टपटपत नव्हता. उन्हाने कडक होऊन उलटा लटकत होता. खालच्या आजोबांनीच एकदा जिन्यात विचारलं, "आईचं पोहणं बंद झालं का? चुकल्यासारखं होतं हो सकाळी."

"कंबर धरलीये," आईने सांगितलं. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "असं सोडून कुठे जाऊ?"

"कोणाला सोडून?"

"घर सोडून गं. तू तर सकाळी बाहेर पडतेस."

हे उत्तरही बसत होतं. प्रत्येक उत्तर बसत होतं, आणि त्यामुळेच चिंगीला रात्री झोप लागेना. आई वाकून चालू लागली होती. बसताना खुर्चीचा हात धरू लागली होती. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणायची, वजन उचललं की अशी होतेच. काय उचललंस, असं विचारायचं धैर्य चिंगीला झालं नाही.

एका दुपारी ती लवकर घरी आली. आई औषध आणायला गेली होती. गॅलरीत कॉश्च्युमच्या शेजारी एक चादर वाळत होती, आणि तिच्या एका कोपऱ्याला गाठ होती. मग दुसऱ्या कोपऱ्यालाही दिसली. बारीक, कसून मारलेल्या गाठी. चिंगीने एक सोडवायला घेतली तर आतलं कापड मळकंच निघालं, साबण न लागलेलं. म्हणजे धुण्याच्या आधीची. आईच्या सवयीत हे बसत नव्हतं. आई रुमालसुद्धा झटकून, कोपऱ्याला कोपरा लावून भिजवायची.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आपण कोणाला भितो आहोत, असा तिने स्वतःलाच प्रश्न केला. स्वतःच्या थापेला? तिने दार ढकललं.

खोलीत कोणी नव्हतं. जमिनीवर आजीच्या कॉटच्या पायांचे डाग होते, ते नेहमीच असायचे. पण पाहुण्यांसाठी कपाटावर गुंडाळून ठेवलेली गादी खाली, भिंतीला लावून घातलेली होती. आणि तो वास होता. पावडर, स्पिरिट, तापलेलं कापड. खिडकी उघडी असूनही होता.

ती गादीशी वाकली. भिंतीवर, उशीपासून वीतभर उंचीवर, ओलाव्याचा एक लहानसा गोल होता. काचेजवळ तोंड नेऊन श्वास सोडला की उमटतो तेवढा. चिंगीने ओढणीने तो पुसला, आणि पुसला गेला. मागून पाण्याचा पाइप जात असणार, ती मोठ्याने म्हणाली. आपला आवाज त्या खोलीत तिला आवडला नाही. ती वळून दारापर्यंत गेली, आणि जाऊ नये असं वाटत असतानाही तिने मागे पाहिलं.

गोल पुन्हा आला होता.

आई आली तेव्हा चिंगी जिन्याच्या पायरीवर बसली होती. "गादी का घातलीस खाली?" तिने विचारलं.

"ऊन द्यायला," आई म्हणाली.

त्या भिंतीला ऊन कधीच येत नसे.

६

बाईंना तिने सगळं सांगितलं नाही. गादी, गाठी, ओला गोल हे गिळून टाकलं आणि फक्त थाप तेवढी कबूल केली. आजीचं बाईंना आधीपासून माहीत होतं.

"आजीचं का नाही सांगितलंस?"

"आजीचं मी काही केलंच नव्हतं, बाई."

"मग तेच सांगायचं होतं." बाईंचा आवाज चढला नाही, आणि त्यानेच ते जास्त लागलं. "त्या लोकांनी तुला खरं दिलं, तू त्यांना खोटं नाणं दिलंस. आता एकेकाकडे जा आणि सांग. पुढे तुझ्याशी बोलायचं की नाही, त्यांची मर्जी."

शिंपीकाकांकडे गेली तेव्हा ते मशीनवर वाकलेले होते. तिने बसायच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर जमलं नसतं.

"काका, मला बहीण नाही."

त्यांचा पाय थांबला. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, उठून तो नीट ओढून घेतला आणि तोंडावर बोट ठेवलं. "हळू. हिला ऐकू जातं."

"मी खोटं बोलले होते. तुम्ही बोलावं म्हणून. अशी कोणी नाहीच."

शिंपीकाका रागावतील, हाकलून देतील, असं ती धरून चालली होती. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"ऐका ताई. माझ्याकडे एकदा नवीन गिऱ्हाईक आलं होतं. घरी कोण कोण, म्हणून विचारलं त्याने. मी सांगितलं, बायको वारली. सहज निघून गेलं तोंडातून. काय हलकं वाटलं म्हणून सांगू! आणि आत गेलो तर हिचे डोळे उघडे."

"तसं नाही काका, खरंच—"

"सगळ्यांना एकदा तरी असं वाटतं. ही नाहीच, नव्हतीच. त्यात लाज कसली? ज्याचं जळतं त्यालाच कळतं." त्यांनी मायेने मान हलवली. "पण तिच्यासमोर म्हणू नका. पडून असतात, पण सगळं ऐकतात."

चिंगीला रडू यायला लागलं, आणि ते रडूही त्यांनी आपल्या परीने समजून घेतलं. फळीवरून कागदात बांधलेलं काहीतरी काढून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवलं.

"गाऊन शिवलाय तिच्यासाठी. पुढून घालायचा, बंद मागे. वळवलं की घालायला सोपा. पैसे नकोत."

कापड मऊ होतं, बारीक फुलांचं. चिंगीने ते उलगडून धरलं. खांदे तिच्यासारखेच रुंद होते, लांबी थोडी कमी.

"माप कुठलं घेतलंत?"

"तुम्हीच नाही का दिलंत?" शिंपीकाका म्हणाले. मग जरा थांबले, भुवया आक्रसून काही आठवू लागले, आणि ते आठवत नव्हतं हे चिंगीला स्पष्ट दिसलं. पडद्यामागून 'अंहं' असा एक आवाज आला, नको म्हटल्यासारखा. शिंपीकाकांनी घाईने मशीनचं चाक फिरवलं.

"घरी जा तुम्ही. आई एकटी असेल ना तिच्याजवळ?"

७

ताई घरी पोचली तेव्हा ऊन अजून गॅलरीत होतं. दोरीवर नुसती चादर होती. कॉश्च्युम कोणीतरी काढून ठेवला होता.

रस्ताभर तिने वाक्य जुळवलं होतं. आई, आजीला मी कधी हात लावला नाही. तू हाक मारायचीस आणि मी यायची नाही. तुझं केलेलं मी माझं म्हणून लोकांना सांगितलं. एवढं खरं बोलले की बाकीचं सुटेल, असं तिला वाटत होतं. का वाटत होतं ते सांगता आलं नसतं.

"ताई, आलीस?" मागच्या खोलीतून आईचा आवाज आला. धाप लागलेला. "ये बाई लवकर. कधीची वाट बघतेय."

ती उंबऱ्यापाशी थांबली. आई गादीशेजारी गुडघ्यांवर बसली होती. एक हात जमिनीवर टेकलेला, दुसरा चादरीखाली गेलेला, आणि तो हात थरथरत होता. भिंतीच्या कडेने चादर उंच झाली होती. खांदा. मग कमरेचा खळगा. उशीवर मागून आखूड कापलेले केस, आणि केसांखाली मानेचा तुकडा. चादरीच्या काठातून दोन बोटं बाहेर आली होती आणि सावकाश, न बघता, गाठ मारत होती. कोणीतरी गुणगुणत होतं. आईचे ओठ मिटलेले होते.

'इथे कोणी नाही.' शब्द तिच्या जिभेवर तयार होते.

आईने वर पाहिलं. "गाऊन आणलास ना? बरं झालं. आधी वळवू, मग घालू." आणि मग, अजिबात न रागावता, "किती वर्षं म्हणतेय, खांद्याकडून धर. मला एकटीला होत नाही गं."

ते शब्द बोलून ती निघून जाऊ शकत होती. पूर्वीही गेली होती. पण आईच्या हातावरचं वजन त्याने उतरलं नसतं, हे तिला त्या थरथरणाऱ्या हाताकडे बघून कळलं. नाही म्हटल्याने खोलीतून कोणी जाणार असेलच तर ताई एकटीच गेली असती, आणि आई इथेच, अशीच, वाकलेली राहिली असती. पाणी, तलाव, 'तरंगले' म्हणून मारलेली हाक, यातलं काही उरलं नसतं. आता तरी काय उरलंय, हे तिला माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं की या वेळी परीक्षा नाही.

ती गादीशी गुडघे टेकून बसली.

"आई, आजीला मी कधी..."

"आजीचं आता काय काढतेस? हिचं बघ."

तिने हात घातला. खांदा ऊबदार होता, हाड अंगठ्याखाली नीट लागत होतं, आणि वजन खरं होतं. आईच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा थोडा सैल झाला. तिने दुसऱ्या हाताने आपली कंबर चोळली आणि सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यासाठी आपण हे केलं असं ताईला वाटलं, आणि क्षणभर तिला खरोखर बरं वाटलं.

तेव्हा तिला आठवलं. नखं तिने दिली होती. गुणगुणणं दिलं होतं. गाठी कोणी दिल्या कोण जाणे, माप शिंप्याने घेतलं होतं. चेहरा मात्र कोणीच दिला नव्हता. शिंपीकाकांना सांगितला नव्हता, नर्सबाईंना नाही, स्वतःलासुद्धा नाही.

"आई, थांब. राहू दे तशीच."

"एकाच कुशीवर ठेवायचं नसतं," आई म्हणाली. मग ती वाकली आणि उशीवरच्या केसांवरून हात फिरवला. कितीतरी दिवसांत ऐकू न आलेल्या लाडाच्या आवाजात ती म्हणाली, "चिंगे, वळ बाई इकडे. ताई आलीये बघ."

गुणगुणणं थांबलं. आणि ताईच्या हातातला खांदा, तिने न ओढताच, वळू लागला.